धुराड्याला ओढ नव्हती

पक्षाघाताचा झटका येऊन गेला आणि मॅलकीकडे एकच शब्द उरला. बरं. चहा हवाय का? बरं. कुशीवर वळवू का? बरं. पाय दुखतोय का? बरं. कधी तो हसून म्हणायचा, कधी दात खाऊन, आणि त्या सुरावरून त्याच्या बायकोने, अट्रॅक्टाने, काय ते ओळखायचं. पहिल्या वर्षी ती ओळखायचीही. पुढे पुढे तिचा कान थकला.

लीट्रिम परगण्यात आमच्या शेताच्या वरच्या अंगाला त्यांचं घर आहे. यातलं काही मी डोळ्यांनी पाहिलं, बाकीचं तिने नंतर माझ्याकडे चहाला बसून सांगितलं. ती मूळची बडबडी बाई. शाळेच्या भटारखान्यात होती तेव्हा तिचा आवाज पार रस्त्यावर ऐकू यायचा. मॅलकी अंथरुणाला खिळल्यावर तिने ती नोकरी सोडली. सकाळी त्याला उठवायचं, पुसायचं, कपडे घालून खुर्चीत बसवायचं, भरवायचं; रात्री हेच सगळं उलट्या क्रमाने. मॅलकी उंचापुरा, गुरांच्या बाजारात वळूला एकट्याने आवरणारा गडी. त्याला हलवताना तिची पाठ जायची. रविवारी फेस्टस येऊन बसायचा तेवढ्यात ती चर्चला जाऊन यायची. बाकी आठवडा ती आणि तो, आणि स्वयंपाकघर.

फेस्टस म्हणजे मॅलकीचा थोरला भाऊ. लग्न केलं नाही, गवंडीकाम करत आला. हात मोठे आणि मत त्याहून मोठं.

हिवाळा लागला तसा मॅलकीचा डावा हात निळा पडायला लागला. त्या घरात भिंतीतली उघडी चूल, आत माणूस उभा राहील एवढी. दिवसभर टर्फ जाळा, दलदलीतून कापून आणलेल्या त्या मातीच्या विटांचा अख्खा ढीग संपवा, ऊब सगळी धुराड्यातून आभाळात. गुडघे भाजायचे आणि पाठ गारठायची. अट्रॅक्टाने त्याची खुर्ची पुढे सरकवली, मागे ब्लँकेट टांगलं, तरी हात निळाच.

एका शनिवारी फेस्टस ट्रेलर घेऊन दारात.

"उतर खाली, बाईसाहेब. बघ काय आणलंय."

ताडपत्रीखाली बिडाची शेगडी होती. काळी, चार पायांची, पुढे काचेचं दार. जुन्या शाळेची इमारत पाडत होते, तिथून त्याने ती उचलली होती.

"ही चुलीत बसवली की सगळी ऊब खोलीत," फेस्टस म्हणाला. "मॅलकी बनियनवर बसेल."

"बसवणार कोण?"

"पोप येतोय ना रोमहून."

"फेस्टस, कुणा जाणकाराला बोलवू या. हल्ली धुराड्यात नळी घालतात म्हणे, वरपर्यंत."

"नळी! ते धुराडं आमच्या बापाने बांधलंय. आमच्या जन्माआधीपासून धूर वरच जातोय त्यातून. आता काय त्याला खाली यायची बुद्धी होणार आहे?"

"मी आपलं विचारलं."

"विचारून झालं असेल तर ते टोक धर."

तिने टोक धरलं. ती मला म्हणाली, की वाद घालायचा तर आधी उभं राहायला तरी ताकद हवी.

काम एका दुपारीच झालं. शेगडीच्या मागचा पाइप फेस्टसने वाकवून धुराड्याच्या तोंडात हातभर वर सरकवला. भोवती उरलेल्या भोकात जुनं पोतं कोंबलं आणि वरून सिमेंट थापलं. पेटवल्यावर पहिल्यांदा थोडा धूर शेगडीच्या दाराच्या फटीतून खोलीत आला. "धुराडं गार आहे," तो म्हणाला. "तापलं की ओढेल." आणि खरंच, वर्तमानपत्र जळून टर्फ धरला तसा धूर दिसेनासा झाला. मॅलकीने उजवा हात शेगडीकडे केला आणि म्हणाला, "बरं." त्या वेळी त्याचा अर्थ काय, हे विचारावं लागलं नाही.

पहिले काही दिवस घरात सण असल्यासारखं वाटलं. हाताचा निळा रंग गेला. मॅलकी खरोखर बनियनवर बसला. ही ऊब जरासुद्धा वाया जाऊ नये म्हणून अट्रॅक्टाने खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी लावली, दाराखाली कापडाची लांब पिशवी ठेवली, आणि भिंतीत वरती एक जुना झरोका होता तोही चिंध्यांनी बुजवला. फेस्टसने युक्ती सांगितली होती की हवेची झडप जवळजवळ बंद ठेवली तर एकदा भरलेला टर्फ दिवसभर धुमसत राहतो. तसंच ती करायची.

मग तिला दमायला व्हायला लागलं.

दमणं तिला नवीन नव्हतं, हीच तर गोची झाली. बटाटे सोलायला बसली की सुरी हातात तशीच राहायची. जिना चढताना मध्येच थांबून कठडा धरायची. डोकं एका बाजूने ठणकायचं. सकाळी तोंडाला पाणी सुटून ओकारी यायची; या वयात भलताच संशय यायचं तर कारण नव्हतं, म्हणून ती स्वतःशीच हसली आणि चहा सोडून दिला. बाहेर दोरीवर कपडे घालायला गेली की जरा हुशारी वाटायची. तिला वाटलं, आपण घराला कंटाळलोय. नवऱ्याला कंटाळलोय. बाहेर पडल्यावर बरं वाटतं म्हणजे दुसरं काय? एवढ्या हलक्या मनाची बाई आपण निघालो याची तिला लाज वाटली, आणि ती त्याच्याशी जास्तच गोड बोलायला लागली.

मॅलकी दिवसाही झोपायला लागला. भरवताना मान कलायची. मध्येच जागा झाला की उजव्या हाताने खुर्चीच्या दांडीवर थापा मारायचा आणि खिडकीकडे बोट करायचा.

"काय, गुरं बघायचीयत?" ती खुर्ची खिडकीशी न्यायची. तो काचेवर थाप मारायचा. "बरं! बरं!"

"दिसतायत ना? बघ तर मग."

तिने ती खिडकी उघडली नाही. बाहेर दहिवर पडलेलं, आणि चिकटपट्टी लावायला सबंध सकाळ गेली होती. मॅलकीला तेव्हा नक्की काय म्हणायचं होतं ते कुणालाच कळलेलं नाही. तो खरंच गुरंही बघत असेल. पण अट्रॅक्टा आजही तो विषय काढला की चहा अर्धा टाकून उठते.

डिसेंबरात वारा पडला. आमच्याकडे हिवाळ्यात अशी हवा कधी कधी येते. डोंगरावर धुकं बसून राहतं, पान हलत नाही, धूर निघाला तर छपरावरच लोळतो. अशा हवेच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी ती जिना उतरली ती भिंतीला धरूनच. मॅलकीचा पलंग आजारपणापासून खाली स्वयंपाकघरातच होता. तिने त्याला हाक मारली. उत्तर नाही. हलवलं, तर डोळे अर्धे उघडे, चेहरा चांगला गुलाबी, पण माणूस जागा होईना. तिला वाटलं, दुसरा झटका. फोन लावताना तिला स्वतःच्या गावाचं नाव आठवेना. फोनवरची बाई विचारते आहे, आणि ही म्हणते, "तेच हो, जिथे मी राहते."

पत्ता शेवटी लागला. रुग्णवाहिका आली तेव्हा ती दारात पायरीवर बसली होती. दोघे जण पिशव्या घेऊन आत शिरले, आणि पहिल्याने उंबरा ओलांडला न ओलांडला तोच त्याच्या पिशवीला टांगलेलं एक छोटं यंत्र कर्कश किंचाळायला लागलं. तो जागीच वळला.

"बाहेर! दारं उघडी टाका सगळी! बाई, तुम्ही लांब व्हा, फाटकापर्यंत जा!"

"पण त्याला झटका—"

"झटका नाही हो, विषारी वायू आहे घरात! काय पेटवलंय आत?"

दोघांनी मॅलकीला चादरीसकट उचलून अंगणात आणलं. एकाने त्याच्या तोंडावर मास्क बसवला, दुसऱ्याने तिच्या. तिला कळेना की आपल्याला कशाला, आपल्याला तर काहीच झालं नाही, आपण फक्त दमलोय. हा आवाज ऐकूनच मी कुंपणावरून धावत गेले. ती ओल्या गवतात बसलेली, तोंडावर मास्क, आणि आतून म्हणत होती, "मला नको, मला नको, त्याला द्या."

स्लायगोच्या दवाखान्यात दोघांच्या रक्तात तो वायू सापडला. कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही. डॉक्टरीण तरुण होती, पण पलंगाच्या कडेला बसून नीट बोलली. किती दिवस डोकं दुखतंय? किती दिवस मळमळ? अट्रॅक्टा म्हणाली, "शेगडी आल्यापासून," आणि आपल्याच तोंडून ते ऐकल्यावर तिला पहिल्यांदा रडू आलं. मला म्हणाली, "जीव वाचला म्हणून नाही गं रडले. मला वाटत होतं मी त्याला विटले. तर तो धूर होता."

ती दोन दिवसांनी घरी आली. मॅलकीला मात्र ठेवून घेतलं. त्याचं हृदय तपासायचं होतं, आणि ते घर तपासून झाल्याशिवाय त्याला सोडणार नाही असं डॉक्टरिणीने स्पष्ट सांगितलं. फेस्टस दवाखान्यात आला नाही. रविवारीही फिरकला नाही.

म्हणून अट्रॅक्टाच त्याच्याकडे गेली. तो आपल्या अंगणात विटा रचत होता. आधीच रचलेल्या होत्या, त्या पाडून पुन्हा.

"बोल," तो पाठ न वळवता म्हणाला. "बोलून घे एकदाचं."

"काय बोलू?"

"की भावाला मारायला निघाला होता. गावात सगळे बोलतच आहेत."

"गावाला दुसरं काम नाही. फेस्टस, झरोका मी बुजवला. खिडक्यांना चिकटपट्ट्या मी लावल्या."

"तू म्हणाली होतीस जाणकार बोलवू."

"म्हणाले होते, आणि टोकही मीच धरलं." ती त्याच्या विटांवरच बसली. "हे बघ, मला भांडायचं नाहीये. भांडायला लागतं ते काही शिल्लकच नाही माझ्याकडे. उद्या एक बाई येणार आहे, धुराड्याचं काम करते ती. तिला छपरावर कुणीतरी जोडीला लागतं. तू येणार की मी चढू?"

त्याने हातातली वीट रांगेत ठेवली. मग म्हणाला, "तू चढलीस तर छप्पर बसेल."

"मग ये."

ती बाई म्हणजे डिम्फना. पन्नाशीची, ठेंगणी, गुडघ्यांना पट्टे बांधलेली, सदा खोकणारी. आल्या आल्या म्हणाली, "मला आधी चहा द्या, रात्रभर आईपाशी जागी होते," आणि खुर्चीत बसल्या बसल्या डुलकी काढली. अट्रॅक्टाने तिच्यावर शाल टाकली. फेस्टस म्हणाला, "छान, आणखी एक मेंबर वाढला." पण हळूच म्हणाला.

उठल्यावर ती पाइपभोवतीचं भोक उघडायला लागली. सिमेंट हातोडीच्या दोन ठोक्यांत पडलं. पोतं एका बाजूने जळून कोळसा झालं होतं, आणि त्याच्या मागे, गिलाव्याच्या आत, चुलीवरची जुनी लाकडी तुळई होती. तिच्यावर डिम्फनाने नख ओढलं तर काळी भुकटी निघाली.

"वायूने नाही तर आगीने गेला असतात," ती म्हणाली. "कुणी बसवलं हे?"

अट्रॅक्टा फेस्टसकडे न बघता म्हणाली, "घरच्यांनी."

"घरचेच बसवतात," डिम्फना म्हणाली, आणि ब्रश हातात घेतला.

धुराड्यातून आधी काजळी पडली, मग काटक्या. कावळ्यांनी वरच्या टोकाला वर्षानुवर्षं घरटी रचली होती. दोन पोती भरली. काटक्या, मेंढीची लोकर, निळी दोरी, कुणाचा तरी मोजा. मग तिने खाली धूर सोडणारी कांडी पेटवली आणि वर टोकाला पिशवी बांधून धुराडं बंद केलं. "आता घरभर फिरा, धूर कुठून निघतो बघा." अट्रॅक्टा वरच्या झोपायच्या खोलीत गेली. कपाटाच्या मागून, भिंतीच्या भेगेतून, करडी रेघ निघून छताकडे चालली होती. बरोबर तिच्या उशीवरून. ती तिथेच पलंगावर बसून त्या रेघेकडे बघत राहिली.

डिम्फनाचं म्हणणं सरळ होतं. एवढं रुंद, तडे गेलेलं धुराडं त्या लहान शेगडीला कधीच ओढणार नाही. धूर वर जाईपर्यंत गार होतो आणि गार धूर माघारी फिरतो. वरून खालपर्यंत स्टीलची लवचीक नळी सोडायची, शेगडीच्या तोंडाच्या मापाची. नळीभोवती न जळणारा हलका भुसभुशीत दाणा भरायचा. खालचं तोंड लोखंडी पत्र्याने बंद. लाकूड कापून तिथे दगड. शेगडीखाली मोठी दगडी लादी, पुढे निखारा पडला तरी जमीन पेटू नये अशी. वरती जाळीची टोपी. शेगडीच्या दाराच्या कडेची, धूर अडवणारी झिजलेली दोरी बदलायची. आणि भिंतीत झरोका, जो कुणीही, कुठल्याही हिवाळ्यात, बुजवायचा नाही.

"गार वारा येईल की त्यातून," अट्रॅक्टा म्हणाली.

"येईलच. आग श्वास घेते बाई, तुमच्याआधी तीच घेते."

दुसऱ्या दिवशी दोघं छपरावर चढली. नळी निम्मी खाली गेली आणि अडकली. ओढून पाहिली, फिरवून पाहिली, खालून दोर बांधून अट्रॅक्टाने आणि मी जोर लावला. हलेना. डिम्फना शिडीवरून उतरली, घामाने थबथबलेली.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "काल दिव्याने बघितलं तेव्हा सरळ वाटलं होतं. मध्ये बाक आहे. झोप झाली असती तर दिसला असता. वरच्या खोलीतून भिंत फोडावी लागणार."

"झोपायच्या खोलीत?"

"हो. धूळ होईल."

अट्रॅक्टा जिन्यात बसली. तिने तोंड ओंजळीत घेतलं आणि तिचे खांदे हलायला लागले. मी जवळ गेले तर ती हसत होती, नाकातोंडातून पाणी येईपर्यंत. "फोडा," ती म्हणाली. "सगळंच फोडा. मी कालच पडदे धुतलेत."

भिंत फेस्टसने फोडली. डिम्फनाने छिन्नी घेतली होती, ती त्याने तिच्या हातातून काढून घेतली. बापाने रचलेले दगड तो एकेक करून काढत होता आणि चादरीवर मांडत होता, सरळ रांगेत, जसे काही ते परत कुठे लावायचे आहेत. मध्येच एकदा थांबला. धुराड्याच्या आतल्या अंगाला मोठा धोंडा होता, बहुतेक जागेवरून हलेना म्हणून म्हाताऱ्याने त्याला वळसा घालून धुराडं वर नेलं होतं.

"आळशी होता," फेस्टस म्हणाला. "आम्हाला म्हणायचा, सरळ बांधा रे. स्वतः मात्र वळसा." त्याने बाहीने तोंड पुसलं. काजळी आणखी पसरली. "अट्रॅक्टा, मला वाटलं मला येतं."

"माहितेय."

"मला खरंच वाटलं."

"माहितेय, फेस्टस. आता तो धोंडा काढ, चहा निवतोय."

कामाला ठरल्यापेक्षा दोन दिवस जास्त लागले. शेवटी पुन्हा धूर सोडून पाहिला, वरच्या खोलीत, माळ्यावर, सगळीकडे. कुठेच निघाला नाही. डिम्फनाने भिंतीवर वायू ओळखणारा गजर लावला, पलंगाच्या बाजूला, आणि बटण दाबून वाजवून दाखवला. दारातलं कुत्रं पळालं. मग तिने अट्रॅक्टाला शेगडी पेटवायला लावली. झडप उघडी, टर्फ कोरडा, वरच्या बाजूने काडी. काचेआड ज्योत आधी लोळली, मग तिला वरून कुणीतरी हाक मारावी तशी सरळ उभी राहिली.

"ओढतंय," डिम्फना म्हणाली. बस, एवढंच. मग अवजारं भरून ती आईकडे गेली.

मॅलकी त्याच आठवड्यात परत आला. चमत्कार वगैरे काही झाला नाही. डावा हात तसाच, शब्द तोच एक. पण तो जागा होता. दिवसभर टक्क जागा, आणि भयंकर चिडका. लापशी आवडली नाही की चमचा भिरकवायचा. शेगडीकडे रोखून बघायचा. पहिल्या दिवशी तिने पेटवायला काडी ओढली तर त्याने हात उचलून "बरं!" असं काही ओरडून म्हटलं की तिने काडी विझवली, गजराचं बटण दाबून त्याला ऐकवलं, झरोक्यापाशी त्याचा हात धरून वारा दाखवला, आणि मगच पेटवली. पुढे कित्येक दिवस ही तपासणी रोज करावी लागली. तिचं काम वाढलं. पाठ पूर्वीसारखीच जाते. गेल्या महिनाभरात आपण ज्याचं दुखणं वाढलं म्हणत होतो तो पेंगणारा माणूस मॅलकी नव्हताच, हे तिच्या लक्षात आलं, आणि हा चमचा फेकणारा मात्र नक्की तोच आहे, हेही.

"आता दमतेस का गं?" मी तिला विचारलं.

"दमते की. पण आता माझं मीच दमते."

फेस्टस रविवारबरोबर आता बुधवारीही येतो. बोलत फारसं नाही. पहिल्या बुधवारी तो रेडिओवर फुटबॉलचा सामना लावून मॅलकीच्या शेजारी बसला. लीट्रिमचा संघ हरत होता. दोघे भाऊ एकदम खुर्चीच्या दांड्यांवर हात आपटत होते.

"तू काय उभी आहेस?" फेस्टस तिला म्हणाला. "जा वर. पड जरा."

"त्याचं औषध चारला आहे."

"मला घड्याळ कळतं."

ती जिना चढून गेली. खोलीतला गिलावा अजून ओला, रंग द्यायचा राहिलेला, पडद्यांवर धूळ. तिने बूटसुद्धा काढले नाहीत, पलंगावर आडवी झाली. खालून फेस्टस पंचाला शिव्या देत होता. सामना संपायच्या आत तिला झोप लागली, आणि ती उठली तेव्हा खिडकीत दुसऱ्या दिवसाची सकाळ होती आणि खालून कुणीतरी खारं मांस तळत असल्याचा वास येत होता.